दुसरा मजला नकाशात नाही: असा बंगला घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या उपनगरातल्या एका सोसायटीत जुळा बंगला विकायला आहे. प्लॉट १५० चौरस मीटरचा, पुढचा रस्ता ६ मीटरचा. १९९८ च्या मंजूर नकाशात तळमजला आणि पहिला मजला आहे. प्रत्यक्षात वर अख्खा दुसरा मजला चढवलाय, बाल्कन्या खोल्यांत घेतल्यात आणि बाजूच्या मार्जिनमध्ये किचन वाढवलंय. मालक म्हणतात, "या लाइनीत सगळ्यांनीच केलंय. टॅक्स भरतो, कधी नोटीस आली नाही, आणि आता रेग्युलराइज होतं." किंमत मागताना मात्र तिन्ही मजल्यांची मागतात. घ्यावा का?

मी आर्किटेक्ट आहे. पंचवीसेक वर्षं नकाशे मंजूर करून घेण्याचं काम करते, आणि त्यातलं बरंचसं आधी बांधून नंतर माझ्याकडे येणाऱ्यांचं. त्यामुळे असा बंगला दिसला की पळा, असं मी सांगणार नाही. पुण्यात जुन्या सोसायट्यांमध्ये नकाशाबरहुकूम राहिलेला बंगला शोधायला निघालात तर वर्ष जाईल. पण "रेग्युलराइज होतं" हे वाक्य ऐकलं की मी एकच विचारते: नेमकं काय होतं? वाढीव चटई क्षेत्र, की झाकलेलं मार्जिन? दोन्हींना लोक एकाच दमात "एक्स्ट्रा बांधकाम" म्हणतात. महापालिकेच्या टेबलावर त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चटई क्षेत्र, म्हणजे एफएसआय, हिशोबाची गोष्ट आहे. प्लॉट किती, त्यावर किती बांधायला मुभा, तुम्ही किती बांधलंत. मुभा शिल्लक असेल तर प्रीमियम, म्हणजे महापालिकेला ठरावीक शुल्क, भरून ती घेता येते. मार्जिन ही जागेची गोष्ट आहे. इमारत आणि कुंपण यांच्यात हवा, उजेड आणि अडीअडचणीला माणूस जाईल एवढी मोकळी पट्टी. ती झाकली की झाकली, पैसे भरून ती परत मोकळी होत नाही. आयुक्तांना मापांत सूट द्यायचा अधिकार आहे, "हार्डशिप"मध्ये बसवू म्हणणारे एजंटही भेटतील. पण ती सूट वेड्यावाकड्या प्लॉटवर नियम पाळणं खरंच अवघड असेल तेव्हासाठी आहे. आयताकृती प्लॉटवर कुंपणाला भिंत टेकवून किचन बांधल्यावर हार्डशिप कुठली दाखवायची?

आता तुमचा बंगला मोजू. तुम्ही पाठवलेल्या मापांवरून बाहेरच्या भिंतीच्या कडेपर्यंत धरलं तर तळमजला साधारण ९६ चौ.मी., पहिला ९२, दुसरा ८४. एकूण २७२, म्हणजे २,९०० चौरस फुटांच्या थोडं वर. मंजूर नकाशात आहेत १४२ चौ.मी., म्हणजे १,५३० फुटांच्या आसपास. वरवर पाहता जवळजवळ दुप्पट. घाबरण्यासारखा आकडा आहे, पण ही तुलनाच चुकीची आहे. १९९८ मध्ये मूळ एफएसआय १ होता, म्हणजे जेवढा प्लॉट तेवढंच बांधकाम, आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच्या बाल्कन्या, जिना वगैरे मोजणीत धरत नसत. त्यामुळे कागदावरचे १४२ तेव्हाही जागेवर १४२ नव्हते.

२ डिसेंबर २०२० ला राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. आम्ही तिला यूडीसीपीआर म्हणतो. मुंबई आणि मोजके भाग सोडले तर सगळीकडे तीच चालते. तिने मोजायची रीतच बदलली. आता इमारतीची बाहेरची रेषा, तिला पी-लाइन म्हणतात, तिच्या आतलं बहुतेक सगळं मोजायचं, बाल्कनी आणि जिन्यासकट. त्या बदल्यात गावठाणाबाहेर मूळ निर्देशांक, म्हणजे एफएसआयचा आकडा, १.१ केला आणि त्यावर निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी एफएसआय, म्हणजे पूरक चटई क्षेत्र, प्रीमियम भरून दिला.

तुमच्या प्लॉटला ते असं लागतं: १५० गुणिले १.१ म्हणजे १६५. त्यावर ६० टक्के, म्हणजे ९९. एकूण २६४ चौ.मी. याच्या पुढे प्रीमियम एफएसआय किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) घेऊ म्हटलं तर ६ मीटरच्या रस्त्यावर दोन्ही शून्य. ९ मीटरचा रस्ता असता तर प्रीमियमचे ०.५ आणि टीडीआरचे ०.४ मिळून निर्देशांक २ पर्यंत गेला असता, आणि त्यावर पुन्हा अ‍ॅन्सिलरी. २०२० साली पुणे महापालिकेत ६ मीटरचे तीनशेहून जास्त रस्ते ९ मीटरचे करायचा प्रस्ताव आला आणि एवढा गाजला, त्याच्या मुळाशी हे तीन मीटरच होते. मालक किंवा एजंट "रस्ता नऊचा होणार आहे" म्हणाले तर हसून सोडून द्या. आज मंजूर विकास योजनेत आणि लेआउटमध्ये जो रस्ता दाखवलाय, तोच तुमचा रस्ता.

तर, २७२ बांधलंय आणि २६४ बसतात. आठ चौरस मीटर जास्त. आणि मार्जिनमधलं ते किचन आहे दीड मीटर रुंद, आठ मीटर लांब, म्हणजे १२ चौ.मी. ते पाडलं तर उरतात २६०. चटई क्षेत्र हिशोबात बसतं आणि बाजूचं मार्जिनही मोकळं होतं. दुसरा मजला, ज्याची तुम्हाला धास्ती वाटतेय, तो कागदावर वाचू शकतो. आणि ज्या किचनचं मालकांना कौतुक आहे, ते जायला हवं. माझ्याकडच्या निम्म्या प्रकरणांत असंच उलटं निघतं.

हा हिशोब तुमच्या टेपवर आहे. भिंतीच्या आतून मोजलं असेल तर २६४ ची रेषा ओलांडली जाईल. तेव्हा विसार देण्याआधी लायसन्सवाल्या माणसाकडून जागेवर मोजणी करून घ्या, आणि जुन्या नकाशातल्या वगळलेल्या बाल्कन्यांचा हिशोब नव्या रीतीत कसा लावायचा हे त्याच्याकडूनच ठरवून घ्या. दहा-पंधरा चौरस मीटर इकडचे तिकडे व्हायला तेवढं पुरतं.

आता यातली खरी गाठ. तुमचा प्लॉट खरंच तुमचा आहे का? जुळ्या बंगल्यांच्या बहुतेक सोसायट्यांमध्ये जमीन सोसायटीच्या किंवा मूळ लेआउटच्या नावावर असते आणि तुम्हाला मिळते ती बंगल्याची मालकी आणि भोवतालच्या जमिनीचा वापर. अशा ठिकाणी निर्देशांक एकेका बंगल्याचा नसतो, सगळ्या लेआउटचा मिळून असतो. तुमच्या मालकांनी वर मजला चढवला तो पलीकडच्या कुणाच्या तरी वाट्यातून. "सगळ्यांनीच केलंय" हे वाक्य इथे मालकांच्या बाजूचं न राहता विरुद्ध जातं, कारण सगळ्यांनी केलं असेल तर लेआउटचा एफएसआय केव्हाच संपलाय आणि शेवटी अर्ज घेऊन जाणाऱ्याला काही उरलेलं नाही. म्हणून पहिला कागद मागायचा तो मंजूर लेआउटचा. त्यात तुमचा प्लॉट स्वतंत्र विभागलेला आहे का, मिळकत पत्रिका किंवा सातबारा स्वतंत्र आहे का, हे बघा. स्वतंत्र असेल तर वरचा हिशोब लागू. नसेल तर सोसायटीचा ठराव आणि सुधारित लेआउट लागेल, आणि चाळीस सभासदांच्या सोसायटीत असा ठराव पास होणं म्हणजे काय, ते कुठल्याही वार्षिक सभेला तासभर बसून आलात की कळेल.

टॅक्सचं म्हणाल तर तो मुद्दाच नाही. मिळकतकर वापरावर लागतो, मंजुरीवर नाही. महापालिका अधिनियमाच्या २६७-अ मध्ये अनधिकृत बांधकामाला कराच्या दुपटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, लावायची तरतूद आहे आणि तिथेच स्पष्ट लिहिलंय की ती भरली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजायचं नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये २०२३ मध्ये शास्ती माफ झाली तेव्हा अनेकांनी पेढे वाटले. माफ झाली ती शास्ती. बांधकाम होतं तिथेच, होतं तसंच राहिलं.

वीस वर्षांत नोटीस आली नाही, हाही बचाव नाही. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम ५२ बांधणाऱ्याला शिक्षा देतं, महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत. पण कलम ५३ ची काढून टाकायची नोटीस येते ती त्या दिवशी जो मालक असेल त्याला. म्हणजे तुम्हाला. ती बहुधा महापालिका स्वतःहून शोधत येऊन देत नाही, कुणीतरी तक्रार करतं म्हणून येते, आणि तक्रारीचं कारण बांधकाम क्वचितच असतं. पार्किंग असतं, कुत्रा असतो, पागोळीचं पाणी असतं. नोटिशीच्या मुदतीत बांधकाम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली परवानगी मागता येते आणि तिचा निकाल लागेपर्यंत नोटीस थांबते. पण त्या अर्जात दाखवायला हिशोबात बसणारा नकाशा हवा. तो आज बसत नसेल तर नोटीस आल्यावरही बसणार नाही.

कोर्टं या बाबतीत आता फारशी ऐकत नाहीत. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला इमारती आठवत असतील. १९८० च्या दशकात मंजुरीपेक्षा कितीतरी मजले जास्त चढवले, लोकांनी घरं घेतली, टॅक्स भरला, मुलं तिथे मोठी झाली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले आणि जून २०१४ मध्ये वीज, गॅस, पाणी तोडायला पथक दारात उभं राहिलं. १७ डिसेंबर २०२४ च्या, उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की प्रशासनाचा उशीर किंवा दुर्लक्ष बेकायदा बांधकामाला कायदेशीर करत नाही. त्याच निकालात बँकांनाही सांगितलंय की पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासूनच त्या इमारतीवर कर्ज द्या. तेव्हा "अमक्या बँकेने शेजाऱ्याला लोन दिलं" हे पाच वर्षांपूर्वीचं असेल तर त्याला अर्थ नाही.

बँकेवरून आठवलं. बँकेचा व्हॅल्युअर मंजूर क्षेत्राचीच किंमत धरेल. मग मालक किंवा एजंट हळूच सुचवतील की करारनामा तळमजला अधिक पहिल्याचा करू आणि वरच्या मजल्याचे रोख द्या. हे करू नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रक्कम रोख घेणाऱ्याला आयकर कायद्याने तेवढाच दंड आहे, तो त्यांचा प्रश्न. तुमचा प्रश्न हा की तो मजला तुम्ही घेतला याचा कागदच राहणार नाही. उद्या व्यवहार फिसकटला तर परत मागायलाही काही नाही, आणि विकताना भांडवली नफ्याच्या हिशोबात खरेदी किंमत कमी धरली जाईल.

माझ्या एका अशिलाने सोळा-सतरा वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला, टेरेसवर पक्की खोली बांधलेली. खोलीचे पैसे रोख दिले. इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा विकसकाने मंजूर कार्पेटवर टक्केवारी लावून नवं क्षेत्र दिलं. खोली कुठल्याच तक्त्यात नव्हती. ते मला म्हणाले, "मॅडम, माझ्या खोलीचं काय?" मी काय सांगणार?

म्हणून किंमत ठरवताना जमीन आणि मंजूर १४२ चौ.मी. एवढ्याचेच पैसे धरा. वरच्या मजल्याचे फार तर पाडकाम आणि नियमित करायचा खर्च वजा करून जे उरेल ते. प्रीमियम रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारी दरतक्त्यातल्या, जमिनीच्या दराशी बांधलेला असतो, त्यामुळे कोथरूड-बाणेरसारख्या भागात हा आकडा लाखांत जातो. शिवाय विकास शुल्क, दंड, तडजोड शुल्क, माझ्यासारख्यांची फी आणि टेबलाटेबलांवरचे महिने. मालक "दोन-तीन लाखांत होतं" म्हणाले असतील तर त्यांनीच करून द्यावं.

हे मी उपरोधाने म्हणत नाही, माझा सल्लाच तो आहे. साठेखतात अट घाला की किचन पाडून, सुधारित नकाशा मंजूर करून, भोगवटा प्रमाणपत्र आणून मग खरेदीखत. तोवर थोडीच रक्कम द्या, उरलेली त्या दाखल्याशी बांधा. मालकांना घाई असेल तर ते इंडेम्निटी बाँड, म्हणजे नुकसान भरून द्यायची लेखी हमी, देऊ करतील. वकील तो आनंदाने लिहून देतात. पण मालक उद्या ऑस्ट्रेलियाला मुलाकडे गेले तर बाँडने तुमचा स्लॅब वाचत नाही.

स्लॅबचं निघालंच आहे तर एक गोष्ट कायद्याच्याही आधी बघायला हवी. तो पाया दोन मजल्यांसाठी घातला होता. वर चढवलेल्या मजल्याचं वजन त्यावर कुणी धरलं होतं का? स्ट्रक्चरल इंजिनिअरला नेऊन कॉलम तपासा, शक्य असेल तर पायाजवळ एक खड्डा खणून फुटिंगचं माप घ्या. मालक "एवढी वर्षं उभाय ना" म्हणतील. उल्हासनगरमध्ये अनधिकृत बांधकामं नियमित करायला २००६ मध्ये खास कायदा झाला, आणि २०२१ च्या मे महिन्यात तिथेच पंधरवड्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. नियमित करायच्या अर्जाबरोबर स्थैर्याचा दाखला जोडावाच लागतो. इंजिनिअर सही करायला कचरत असेल तर चटई क्षेत्राची सगळी आकडेमोड तिथेच थांबते.

आणि कागद मालकाच्या फायलीतून घेऊ नका. डोंबिवलीत ६५ इमारतींना महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेरा (गृहप्रकल्पांची सरकारी नोंदणी) क्रमांक मिळवले होते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला, तेव्हा आत राहणाऱ्यांकडे नोंदणीकृत करारनामे होते आणि बँकेचे हप्ते चालू होते. मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा या तिन्हींच्या प्रमाणित प्रती महापालिकेतून, माहिती अधिकारात का होईना, स्वतः काढा. तिथे फाइल सापडत नाही असं उत्तर आलं तर ते लेखी घ्या आणि व्यवहार थांबवा.

तुम्ही शेवटी गुंठेवारीचंही विचारलंय, म्हणजे कुणीतरी ते कानावर घातलेलं दिसतं. तो कायदा वेगळ्या दुखण्यासाठी आहे. शेतजमिनीचे गुंठ्या-अर्ध्या गुंठ्याचे तुकडे पाडून, लेआउट मंजूर न करता विकलेले भूखंड. २००१ चा कायदा, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात आली. तुमच्या सोसायटीचा लेआउट मंजूर आहे, तेव्हा ते तुमच्या कामाचं नाही. तसंच एमआरटीपीच्या ५२-अ खालची प्रशमनाची, म्हणजे शुल्क भरून तडजोडीची, योजना. ती ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी होती. एजंट या दोन्ही नावांचा मारा करतात, कारण ऐकणाऱ्याला त्यातला फरक माहीत नसतो.

एक तपासणी राहिली. विकास योजनेत प्लॉट कुठल्या आरक्षणात, नदीच्या निळ्या पूररेषेत किंवा टेकडीच्या बीडीपीत (जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणात) येत नाही ना. येत असेल तर वरचं काहीच लागू नाही, तो बंगला कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

या आठवड्यात करायचं ते एवढंच. लेआउटची प्रत काढा आणि मालकांना सरळ विचारा, किचन पाडायला तयार आहात का. सुनेने हौसेने करून घेतलंय वगैरे ऐकायला मिळेल. तयार झाले तर मोजणी लावा, जमणारं प्रकरण आहे. नाही म्हणाले तर त्याच लाइनीतला दुसरा बंगला बघा, आणि तिथेही आधी बाजूच्या मार्जिनमधून चालत मागे जाता येतं का ते बघून मगच आत शिरा.